आज गाडीत कोण चढलं? कठीण दिवसांत कृतज्ञता आणि श्रद्धा धरून ठेवायची एक घरगुती रीत

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते. सातारा विभागात तीस वर्षं. निवृत्त झाले आणि चौथ्या वर्षी दोन्ही मूत्रपिंडांनी राम म्हटला. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेला चार तास, डायलिसिस. दिवसभरात मिळून पाऊण लिटर पाणी, त्यातच चहा, त्यातच आमटी. मे महिन्यात तहानेनं जीव कासावीस झाला की तोंडात बर्फाचा एक खडा.

पहिले सहा महिने घरी भेटायला येणारा जवळपास प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, "देव करतो ते बऱ्यासाठीच." अण्णा मान डोलवायचे. पाहुणा जिना उतरला की म्हणायचे, "ह्याच्या दंडात दोन जाड सुया घाला आणि मग विचारा, बऱ्यासाठी का म्हणून."

त्या सहा महिन्यांनंतर आम्ही घरात काही गोष्टी करायला लागलो. काही जमल्या, काही सपशेल फसल्या. तुमच्या घरी डायलिसिस नसेल, कर्ज असेल, कोर्टकचेरी असेल, कुणी गेलेलं असेल. तपशील बदलतील, पण कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं, ते बहुधा उपयोगी पडेल.

आधी हे ठरवा: आभार कशाचे मानायचे नाहीत

कृतज्ञतेचा विषय निघाला की आपल्याकडे कुणीतरी तुकोबांचा अभंग काढतं, "बरें झालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली." अभंग खराच आहे. १६३०च्या सुमाराचा तो दुष्काळ भयंकर होता. तुकोबांच्या घरातली माणसं गेली, दुकानदारी बुडाली. पण ओळ नीट वाचा. 'झालें', 'निघालें', 'केली'. सगळं होऊन गेल्यावर, मागे वळून, स्वतःच्या तोंडानं म्हटलेलं आहे ते. दुकान बुडालं त्याच संध्याकाळी शेजाऱ्यानं येऊन ऐकवलेलं नाही.

म्हणून आमच्या घरातला पहिला नियम असा की आजाराचे आभार मानायचे नाहीत. आजार वाईट आहे, त्याला वाईटच म्हणायचं. आजारपणात जे हात पुढे आले, त्यांची मात्र नोंद ठेवायची. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस एकतर खोटं हसायला लागतो, नाहीतर कृतज्ञता या शब्दावरच उखडतो. अण्णांचं दुसरं झालं होतं.

पहिलं काम: गाऱ्हाणं पुरतं लिहून काढा

चांगलं शोधायच्या आधी वाईट ओकून टाकावं लागतं. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना ओळीनं चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत त्रासदायक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. लिहून झाल्या झाल्या त्यांना जास्तच उदास वाटलं. पण काय झालं आणि त्यानं मनाचं काय झालं, हे दोन्ही ज्यांनी लिहिलं, ते पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले.

रीत सोपी आहे. स्वस्तातली वही घ्या, मोबाईल नको. पंधरा मिनिटांचा गजर लावा आणि हात न थांबवता लिहा. शुद्धलेखन बघायचं नाही, परत वाचायचं नाही. देवाला, डॉक्टरांना, भावकीला, स्वतःला, ज्याला जे बोलायचं ते बोला. चार दिवस झाले की थांबा. पानं फाडून टाकली तरी चालतील. मी माझी बंबात घातली.

यात दोन पथ्यं आहेत. घाव अगदी ताजा असेल, चारआठ दिवसांचा, तर हे करू नका. तेव्हा सोबत लागते, वही नाही. आणि लिहिताना छाती भरून येऊन श्वास लागत असेल तर तिथेच वही मिटा, कुणाशी तरी बोला.

अण्णा लिहायला तयार नव्हते. त्यांनी बोलून काढलं, तेही माझ्याशी नाही, गोठ्यातल्या म्हशीशी. चाललं.

वेबिल

आता खरा गाभा.

कंडक्टरकडे वेबिल नावाचा कागद असतो. कुठल्या टप्प्यापर्यंत किती तिकिटं फाडली, याची त्यावर नोंद. तपासनीस गाडीत चढला की आधी वेबिल बघतो. दिवसाखेर डेपोत हिशेब लागतो तो त्याच्यावरच. डायलिसिसला जायला लागल्यावर अण्णांना एक छोटी डायरी दिली होती, आधीचं वजन आणि नंतरचं वजन लिहायला, म्हणजे अंगात किती पाणी साठलं होतं आणि किती काढलं ते कळतं. एके दिवशी त्यांनी पट्टीनं रेघ मारून तिसरा रकाना पाडला आणि वर लिहिलं, 'चढले'.

मी विचारलं, हे काय. म्हणाले, "गाडी आपली बंद पडल्याली. पण रोज कोण ना कोण चढतंयच की. त्याची नोंद नको?"

त्या रकान्यातली एक नोंद जशीच्या तशी देते:

"मंगळवार. आधी ६१.८, नंतर ५९.४. चढले: सुई लावणारा पोरगा, पहिल्या खेपेत शीर घावली, लावताना शेतीचं विचारत राहिला. शेजारच्या खाटेवरच्या बाई, नातवाचा पहिला दात पडला म्हणाल्या. रिक्षावाला, उशीर झाला तरी थांबला, वेटिंगचे घेतले नाहीत."

बस्स. यात 'कृतज्ञता' हा शब्द कुठेही नाही. पण महिनाभरानं डायरी चाळताना अण्णा गप्प बसले. मग म्हणाले, "लई माणसं हायत गं."

तुम्ही करणार असाल तर असं करा. दर नोंदीत माणूस हवा आणि क्रियापद हवं. 'कुटुंबाचा आधार आहे' हे वाक्य मेलेलं आहे, कारण ते उद्याही तसंच लिहिता येतं आणि परवाही. 'वहिनीनं भाजी दोनदा उकळून पाणी फेकून मग फोडणीला टाकली' हे फक्त आजचंच असू शकतं. (पोटॅशियम कमी करायला भाज्या अशा कराव्या लागतात. चव जाते. तरी ती बिचारी लसणाची फोडणी देऊन रेटते.) तीन नोंदी पुष्कळ. पाचाच्या वर गेलात तर ओढूनताणून लिहायला लागाल. माणूस सापडला नाही तर वस्तू चालेल, पण तीही नेमकी हवी: कोणती, कधी, किती वाजता.

रोज लिहावं की आठवड्यातून एकदा? रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कला यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांपैकी एक स्नायू आणि मज्जातंतूंच्या आजारानं ग्रासलेल्या माणसांवर होता. त्यांनी एकवीस दिवस रोज लिहिलं आणि न लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांची मनःस्थिती नि झोप बरी राहिली. दुसरीकडे सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. तीनदा लिहिणाऱ्यांना त्याचा कंटाळा आला असावा, असा त्याचा अर्थ लावतात. मला यातून घेण्यासारखं वाटतं ते एवढंच की सुरुवातीचे तीन आठवडे नेमानं लिहा, आणि त्याच त्या नोंदी यायला लागल्या की अंतर वाढवा. अण्णा आता फक्त गुरुवारी लिहितात.

एक चूक मी स्वतः केली, ती सांगते. डायलिसिसच्या खोलीत मी मनातल्या मनात मोजत बसायचे: तो समोरचा मुलगा तर बाविशीचा आहे, त्याच्यापेक्षा अण्णांचं बरं. त्या बाईंना सोबतही कुणी नाही, त्यांच्यापेक्षा बरं. 'आपल्यापेक्षा वाईट बघावं' असं लहानपणापासून ऐकलेलं. एका सोमवारी त्या मुलाची खाट रिकामी होती. चादर बदललेली होती, उशी सरळ होती. कुणी काही विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. ज्याच्या दुःखावर पाय ठेवून मी उभी राहिले होते, तीच जमीन गेली. दुसऱ्याच्या वाईटाशी तुलना करून मिळालेलं समाधान असं उधारीचं असतं, वेबिलात ते लिहू नका. तो मुलगा एकदा अण्णांना स्वतःच्या मोबाईलवर कुस्ती दाखवत होता. लिहायचं होतं ते हे.

आभार तोंडानं कसे मानायचे

मराठी घरात 'धन्यवाद' म्हटलं की समोरचा दचकतो. सूत्रसंचालन चालल्यासारखं वाटतं. 'थँक्यू' दुकानात ठीक आहे, पण सख्ख्या जावेला म्हणून बघा, ती विचारेल, "काय झालं गं, रागावलीस का?"

आपल्या भाषेत आभार वेगळ्या वाटेनं जातात. "तू होतास म्हणून निभावलं." "देवासारखे धावून आलात." "तुझ्या हातचं खाल्लं आणि बरं वाटलं बघ." किंवा काही न बोलता डबा परत करताना तो रिकामा न देणं. आमच्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत. चार लिंबं, मूठभर शेंगा, काहीतरी घालतात. हीच आपली रीत आहे, तीच वापरा. महिन्यातून एकदा वेबिल उघडा, सर्वांत जास्त वेळा कुणाचं नाव आलंय ते बघा आणि त्या माणसाला ते नेमकं काम सांगा. "त्या दिवशी तू रात्री अकराला औषध घेऊन आलास ना, ते मी लिहून ठेवलंय." समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आमचा रिक्षावाला हे ऐकून एवढा संकोचला की दुसऱ्या दिवशी त्याने चुलत्याला पाठवलं.

आणि जे आले नाहीत त्यांचं? आमच्या एका जवळच्या नातेवाइकानं पहिल्या आठवड्यात "लागेल ते सांगा" म्हटलं आणि नंतर फोन उचलणंच सोडलं. त्यांना माफ करा वगैरे मी सांगणार नाही. वेबिलात फक्त चढलेल्यांची नोंद असते. थांब्यावर उभं राहून ज्यानं हात केला नाही, त्याचा रकानाच नाही.

श्रद्धा: वेळ, जागा, कृती

अण्णा माळकरी. चाळीस वर्षं एकादशी धरलेली. आहारतज्ज्ञ मॅडमनी पहिल्याच भेटीत त्यांच्या उपासाच्या ताटावरच लाल रेघ मारली. शेंगदाणे, बटाटा, रताळं, केळी, खजूर, सगळं पोटॅशियमनं भरलेलं. डायलिसिसच्या माणसाच्या रक्तात ते साठलं तर हृदय बंद पडू शकतं. इतरांची एकादशी दुप्पट खाशी असेल, अण्णांची जिवावर बेतणारी होती.

त्या आषाढीला ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. देवानं आपल्याला रांगेतून बाहेर काढलं, असं त्यांना वाटलं. संध्याकाळी गावातले एक बुवा, कीर्तनाचे बुवा म्हणतेय मी, घरी आले. अण्णांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही अन्न सोडत होता. आता उपास सोडा. जे प्रिय ते सोडायचं, एवढंच ना?" अण्णा तेव्हापासून एकादशीला साधा भात जेवतात आणि हरिपाठ म्हणतात. आधीही म्हणायचे, पण घाईत. आता सावकाश.

त्यावरून आम्ही जे शिकलो ते तुमच्यासाठी असं मांडते. श्रद्धा मनात येण्याची वाट बघू नका. वाईट काळात ती बऱ्याचदा येतच नाही. एक कृती ठरवा, इतकी छोटी की ताप असतानाही होईल. दिवा लावणं. एक अभंग. जपाची एक माळ. नमाजाची वेळ असेल, चर्चमधली मेणबत्ती असेल, बुद्धवंदना असेल, जे तुमचं. तिला रोजच्या एखाद्या कामाला बांधा, जसं चहाचं आधण ठेवलं की दिवा. जागा एकच ठेवा. भाव दाटून आला नाही तरी कृती करा आणि उठा. वारकरी आळंदीहून पंढरपूरला चालत जातो, तेव्हा त्या अठरा-वीस दिवसांत त्याच्या मनात दर पावलाला विठ्ठल असतो, असं कुणी म्हणत नाही. पायाला फोड असतात, वरून पाऊस असतो, मनात घरची पेरणी असते. तो चालतो, तीच वारी.

दुसरं, देवाशी भांडायला भिऊ नका. आपल्या परंपरेत त्याला पूर्ण मुभा आहे. जनाबाईंनी विठ्ठलाला 'विठ्या' म्हटलंय, 'मूळ मायेच्या कारट्या' म्हटलंय. तुकोबांनी माझ्या लेखी देव मेला, इथपर्यंत मजल नेली. तरी या दोघांना कुणी नास्तिक म्हणत नाही. ज्याच्याशी संबंध उरलेला नाही त्याच्याशी माणूस भांडत नसतो. अण्णा रागात असले की विठ्ठलाची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवतात. आई दुसऱ्या दिवशी पुसताना सरळ करते. असं तीन वर्षं चाललंय.

तिसरं मात्र गंभीर आहे. अडचणीतल्या घराचा वास काही लोकांना लगेच लागतो. आमच्याकडेही एक जण आला होता. मुळीचा काढा, एकवीस दिवस, आणि अट अशी की डायलिसिस बंद ठेवायचं, तरच गुण येणार. मूत्रपिंडं पूर्ण निकामी असलेल्या माणसानं डायलिसिस थांबवलं तर तो काही दिवसांत किंवा आठवड्यांत जातो. इतकं सरळ आहे हे. शिवाय कसले कसले काढे उरलीसुरली मूत्रपिंडंही घालवतात. उपचार सोडायला सांगणारा, पैसे मागणारा, भीती घालणारा, या तिघांतला कुणीही दारात आला तर त्याला चहासुद्धा विचारू नका. अंगात दैवी शक्ती असल्याचं भासवून लोकांना फसवणं आणि उपचारांपासून अडवणं महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. नवस बोलायला हरकत नाही, पण तो औषधाच्या जोडीनं.

देव न मानणाऱ्यानं काय करायचं

माझा भाऊ मानत नाही. त्याची कृती वेगळी आहे. डायलिसिससाठी अण्णांच्या डाव्या हातात धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केलाय. तो नीट चालू असेल तर त्यावर बोट ठेवल्यावर बारीक थरथर लागते, मांजर घुरघुरतं तशी. थरथर बंद म्हणजे लगेच डॉक्टर गाठायचे. भाऊ रोज रात्री झोपायच्या आधी तिथे दोन बोटं ठेवतो, पाचेक सेकंद. "आहे," म्हणतो आणि दिवा घालवतो.

याला श्रद्धा म्हणायचं का, यावर आमचा वाद आहे. पण अण्णा त्या 'आहे'शिवाय झोपत नाहीत.

सांभाळणाऱ्यानं स्वतःची वही वेगळी ठेवावी

रुग्णाच्या वेबिलात आपलं नाव शोधू नका, माझ्यासारखं. पहिल्या दोन महिन्यांत माझं नाव एकदाही नव्हतं. रिक्षावाला होता, पंपावरचा पोरगा होता, मी नव्हते. रडले. नंतर कळलं की कंडक्टर वेबिलात ड्रायव्हरचा हिशेब धरत नाही, तो गाडीत असतोच. हे माझं मीच काढलेलं स्पष्टीकरण आहे, अण्णांना विचारायचं धाडस झालेलं नाही.

स्वतःची वही ठेवा आणि आठवड्यातले दोन तास कुणावर तरी सोपवून बाहेर पडा. मी बाजारात जाते, काही घेत नाही, फिरून येते.

काहीच जमत नाही अशा दिवसांसाठी

असे दिवस येतात. तेव्हा नोंद एकाच शब्दाची: 'चाललो.' किंवा कोरी रेघ. अण्णांच्या डायरीत अशा अकरा रेघा आहेत. मी मोजल्या आहेत. रिकाम्या फेरीचंही वेबिल भरावं लागतं, असं ते म्हणतात.

पण दोन आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, कशातच राम वाटत नाही, किंवा 'आपण नसलो तर बरं' असं मनात वारंवार यायला लागलं, तर ते दिवस कृतज्ञतेच्या वहीनं सुटणारे नाहीत. तिथे श्रद्धा कमी पडली असं अजिबात समजू नका. सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. दीर्घ आजारात उदासी येणं हे दुखण्याचाच भाग असतं, त्याला औषधं आहेत. अण्णांना चार महिने गोळ्या होत्या. हरिपाठ आणि गोळ्या एकाच फळीवर असायच्या.

गेल्या गुरुवारचं वेबिल आत्ता समोर आहे:

"आधी ६०.९, नंतर ५८.८. पाणी बरं सांभाळलं. चढले: नवीन सिस्टर, हात गार, पण हळू. आंब्याची एक फोड, पोरीनं चोरून दिली, मॅडमना सांगायचं नाही. पाऊस, साताऱ्यात शिरताना."

मशीन जोडून झालं की सुई लावणारा मुलगा आता स्वतःच ओरडतो, "काका, डबल बेल?" अण्णा उजव्या हातानं खाटेच्या दांडीवर दोनदा टिचकी मारतात.